हसवणारा वायू आणि फिरतं इंजिन : उसन्या शक्तीचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटारगाडीचं काय काम? तेही अशा गाडीचं, जी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. माझदा आरएक्स-७ ही जपानी स्पोर्ट्स कार, तिचं रोटरी इंजिन, आणि त्या इंजिनाला हौशी लोक जोडतात ती नायट्रस ऑक्साइडची बाटली, एवढाच आपला विषय. जोडण्याचं काम म्हणाल तर एका शनिवार-रविवारचं. एक बाटली, दोन विजेवर चालणाऱ्या झडपा, थोडी नळी, थोडी वायर आणि एक बटण.

पण या छोट्याशा कामात दोन मोठे इतिहास एकमेकांना भेटतात. एक आहे वायूचा. तो सुरू होतो अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, जातो दवाखान्यात, आणि तिथून लढाऊ विमानांत. दुसरा आहे इंजिनाचा. तो जर्मनीत सुरू होतो आणि हिरोशिमात पूर्ण होतो. दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. शक्ती मिळवणं हे माणसाला तुलनेनं सोपं गेलं. मिळालेली शक्ती धरून ठेवणं, ती बाजूने निसटू न देणं, हे मात्र फार कठीण गेलं. आज आपण ही दुसरी गोष्ट जरा नीट पाहणार आहोत, कारण यंत्रांच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी पहिलीच सांगतो.

मेणबत्ती मोठी होते

नायट्रस ऑक्साइड पहिल्यांदा तयार केला जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने, १७७२ मध्ये. या वायूत मेणबत्ती विझत नाही, उलट जास्त जोमाने जळते, आणि तरीही त्यात प्राणी जगत नाही, हे त्याने पाहिलं. म्हणजे बघा, हा वायू जाळायला मदत करतो हे पहिल्याच प्रयोगांत दिसलं होतं. इंजिनात तो वापरण्यामागचं सगळं रसायन त्या मेणबत्तीत आहे. फक्त इंजिनं यायची होती.

पुढे १७९९ मध्ये ब्रिस्टल शहरात डॉ. थॉमस बेडोज यांनी एक संस्था काढली. वेगवेगळे वायू हुंगायला देऊन छातीचे रोग, मुख्यतः क्षय, बरे करता येतील अशी त्यांची आशा होती. वायू हुंगण्यासाठी लागणारी उपकरणं बनवून दिली ती जेम्स वॅटने. होय, वाफेच्या इंजिनाच्या वॅटनेच. त्याची मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली होती, आणि त्या दुःखातून तो या कामात पडला. बेडोजनी प्रयोगांसाठी एक विशीतला तरुण नेमला, हम्फ्री डेव्ही. डेव्हीने हा वायू स्वतःवर वारंवार वापरून पाहिला आणि १८०० मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला याचा उपयोग होऊ शकेल, असं त्यात त्याने सुचवूनही ठेवलं. पण ते कोणी मनावर घेतलं नाही. पुढची चाळीसएक वर्षं हा वायू जत्रांमध्ये आणि बड्या लोकांच्या मेजवान्यांत हसण्यासाठी वापरला गेला. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने असाच एक खेळ पाहिला, दुसऱ्याच दिवशी हा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला, आणि तिथून त्याचा वैद्यकातला प्रवास सुरू झाला. आजही शस्त्रक्रियागृहांत तो वापरला जातो.

आता यातलं रसायन दोन वाक्यांत. नायट्रस ऑक्साइडच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन साधारण २३ टक्के असतो, या वायूत ३६ टक्के. साध्या तापमानाला हा रेणू घट्ट असतो, म्हणून तो स्वतःहून पेटत नाही. पण तापमान सहाशे अंशांच्या आसपास गेलं की तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि फुटताना स्वतःही थोडी उष्णता देतो. इंजिनाच्या आत हे तापमान सहज गाठलं जातं. तेव्हा हा वायू म्हणजे इंधन नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो म्हणजे बाटलीत भरलेला श्वास. जास्त श्वास मिळाला की जास्त पेट्रोल जाळता येतं. ते जास्तीचं पेट्रोल मात्र तुम्ही वेगळं द्यायचं असतं. द्यायला विसरलात तर काय होतं, ते पुढे येईलच.

आठ किलोमीटर उंचीवरचा श्वास

इंजिनाला असा बाटलीतला श्वास द्यायची गरज मोठ्या प्रमाणावर भासली ती दुसऱ्या महायुद्धात. विमान जसं वर जातं तशी हवा विरळ होते. इंजिनाला हवा दाबून देणारे पंप, म्हणजे सुपरचार्जर, असतात, पण त्यांचीही एक मर्यादा असते. सात-आठ किलोमीटरच्या वर जर्मन लढाऊ विमानांची इंजिनं धापा टाकायला लागत. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे जीएम-१ ही यंत्रणा: विमानात द्रवरूप नायट्रस ऑक्साइडची टाकी ठेवायची आणि उंचीवर गेल्यावर तो इंजिनात सोडायचा. मेसरश्मिट १०९ च्या काही आवृत्त्यांवर, टोही विमानांवर, बॉम्बफेकी विमानांवर ती बसवली गेली. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये रात्रीच्या काही मॉस्किटो विमानांवर हाच प्रयोग केला.

याचे दोन फायदे होते. एक, जास्तीचा ऑक्सिजन. दोन, हा वायू द्रवरूपातून बाहेर पडताना प्रचंड थंड असतो. तो उकळतो तोच शून्याखाली ८८ अंशांना. त्यामुळे इंजिनात जाणारी हवा गार होते, आणि गार हवा म्हणजे दाट हवा.

पण यातला व्यवहार लक्षात घ्या. टाकी संपली की शक्ती संपली. खालच्या उंचीवर ही टाकी म्हणजे निव्वळ ओझं. आणि ही यंत्रणा बसवणाऱ्यांना ठाऊक होतं की युद्धातल्या विमानाच्या इंजिनाला फार दिवस जगायचंच नाही. काही मिनिटं वर टिकून परत आलं की झालं. उसनी शक्ती घेण्याचा निर्णय तिथे हिशेब करून घेतलेला होता. फेड कधी, कशातून करायची, हे माहीत होतं. हा मुद्दा आपण जपून ठेवू.

याच युद्धात, जर्मनीच्या दक्षिण टोकाला लिंडाऊ नावाच्या गावात, एक माणूस दुसऱ्याच प्रश्नावर काम करत होता.

फटीचा प्रश्न

फेलिक्स वांकेल, जन्म १९०२. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नाही, पण डोक्यात एकच कल्पना: वर-खाली होणारा दट्ट्या नको, सरळ गोल फिरणारं इंजिन हवं. त्याबद्दलचं पहिलं पेटंट त्याने १९२९ मध्ये घेतलं. नाझी पक्षाशी त्याचा संबंध अगदी सुरुवातीच्या वर्षांतला. पुढे पक्षातल्याच एका पुढाऱ्याशी भांडण होऊन १९३३ मध्ये तो काही महिने तुरुंगातही होता. नंतर त्याच सरकारच्या विमान खात्याच्या पैशावर लिंडाऊची प्रयोगशाळा उभी राहिली. हे सांगायला हवं, कारण तंत्रज्ञानाचे इतिहास बऱ्याचदा हा भाग गाळून लिहिले जातात.

लिंडाऊला तो काय करत होता? विमानांच्या इंजिनांसाठी फिरत्या झडपा. आणि फिरत्या झडपेचा खरा प्रश्न एकच: फट कशी बंद करायची? घरातलं उदाहरण घ्या. कुकरची रिंग जुनी झाली की काय होतं? आच तीच, पाणी तेच, डाळ तीच, पण वाफ बाजूने निसटते आणि शिट्टी काही होत नाही. इंजिनाचंही तसंच. आतला स्फोट कितीही मोठा असो, वायू फटीतून निसटला तर काम शून्य. दट्ट्याच्या इंजिनात ही फट बंद करणं सोपं, कारण सिलिंडर गोल आणि रिंगही गोल. पण फिरत्या भागांमध्ये कोपरे येतात, आणि कोपऱ्यात फट बंद करणं हे अवघड. वांकेलने या विषयाचा वर्षानुवर्षं चिकाटीने अभ्यास केला. म्हणजे त्याच राजवटीच्या आश्रयाने एकीकडे इंजिनात जास्त दाब घालण्याचं काम चाललं होतं, आणि दुसरीकडे दाब निसटू नये म्हणून फट बंद करण्याचं.

युद्ध संपलं, फ्रेंचांनी प्रयोगशाळा मोडून नेली, वांकेल काही काळ कैदेत राहिला. पुढे एनएसयू या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीने त्याला हाताशी धरलं. १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिलं इंजिन चाललं. आज आपण ज्याला वांकेल इंजिन म्हणतो त्याची सोपी, बनवता येण्याजोगी रचना मात्र एनएसयूच्याच हान्स डिटर पाश्के या अभियंत्याने केली. वांकेलला ती आवडली नव्हती, पण टिकली तीच.

हे इंजिन कसं चालतं? शेंगदाण्यासारख्या, मधे किंचित आत गेलेल्या आकाराचं एक घर. त्यात फुगीर बाजूंचा एक तिकोनी तुकडा, तो रोटर. तो फिरतो तेव्हा त्याची तिन्ही टोकं सतत घराच्या भिंतीला घासत जातात. त्यामुळे तीन बाजूंना तीन पोकळ्या तयार होतात, आणि त्या फिरता फिरता लहान-मोठ्या होतात. एका ठिकाणी हवा आत येते, पुढे ती दाबली जाते, पुढे पेटते, पुढे बाहेर जाते. झडपा नाहीत, वर-खाली हिसके नाहीत. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो. इंजिन लहान, हलकं, आणि शिलाई यंत्रासारखं गुळगुळीत.

आणि सगळं अवलंबून कशावर? रोटरच्या टोकांवर बसवलेल्या बारीक पट्ट्यांवर. या पट्टीला एपेक्स सील म्हणतात, आपण टोकाची पट्टी म्हणू. माझदाच्या १३बी इंजिनात ती ८० मिलिमीटर लांब असते. जाडी सुरुवातीला ३ मिलिमीटर, १९८६ च्या इंजिनांपासून २ मिलिमीटर. एका बाजूला पेटलेला वायू, दुसऱ्या बाजूला वेगळ्याच टप्प्यातला वायू, आणि मधे ही दोन मिलिमीटरची पट्टी.

बुचाचा कारखाना

हिरोशिमाची टोयो कोग्यो कंपनी, म्हणजे आजची माझदा, १९२० मध्ये स्थापन झाली ती कॉर्क बनवण्यासाठी. कॉर्क, म्हणजे ज्याची बुचं होतात तो. फट बंद करण्याचा धंदा त्यांच्या जन्मापासूनचा म्हणायचा! पुढे ते यंत्रांकडे वळले, १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाड्या बनवू लागले. ६ ऑगस्ट १९४५ ला शहर बेचिराख झालं, पण कारखाना शहराच्या कडेला असल्याने बऱ्याच अंशी वाचला.

१९६० च्या सुमारास जपान सरकारच्या उद्योग खात्याचा विचार होता की इतक्या मोटार कंपन्या नकोत, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना ते नको होतं. स्वतंत्र राहायचं तर आपल्याकडे असं काही हवं जे दुसऱ्या कोणाकडे नाही, असं त्यांनी ठरवलं आणि १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला. म्हणजे रोटरी इंजिन त्यांनी घेतलं ते शर्यती जिंकायला नव्हे, जिवंत राहायला.

करार केल्यावर कळलं की इंजिन तयार नाहीच. काही तास चालवलं की घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटत. टोकाची पट्टी भिंतीवर सरकण्याऐवजी थरथरत होती. कारखान्यातल्या लोकांनी या ओरखड्यांना नाव दिलं: सैतानाची नखं. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीसाठी स्वतंत्र विभाग उघडला, ४७ अभियंत्यांचा. जपानी लोककथेत आपल्या धन्यासाठी प्राण देणारे ४७ सामुराई आहेत, त्यामुळे हा आकडा त्यांना आपोआपच चिकटला.

या लोकांनी काय केलं? पट्टीच्या कंपनाचा अभ्यास केला. पट्टीला आतून पोकळ्या पाडून तिची थरथरण्याची लय बदलून पाहिली. ओरखडे थांबले. मग टिकाऊपणासाठी कार्बन आणि अॅल्युमिनियम एकत्र करून पट्टीचा नवा पदार्थ तयार केला. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. दोन रोटर, ९८२ सीसी, ११० अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत त्यांनी दोन कॉस्मो उतरवल्या. एक चौथी आली, दुसरी शेवटच्या तासांत मागच्या आसाच्या बिघाडाने बाद झाली. इंजिन नव्हे, आस.

त्याच काळात खुद्द एनएसयूचं काय झालं? त्यांनी १९६७ मध्ये आरओ ८० ही सुंदर गाडी काढली, तिला युरोपात वर्षातली सर्वोत्तम गाडी म्हणून गौरव मिळाला. पण टोकाच्या पट्ट्या टिकेनात. ग्राहकांना इंजिनं बदलून देता देता कंपनी थकली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगन गटात विलीन झाली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनेही मोठी रक्कम देऊन परवाना घेतला आणि १९७४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. कल्पना सगळ्यांकडे तीच होती. दोन मिलिमीटरचं शहाणपण एकाच गावात शिल्लक राहिलं.

१९७८

१९७३ च्या तेलसंकटाने माझदाही जवळपास बुडाली, कारण रोटरी पेट्रोल जास्त पितं. बँकेने सावरलं. आणि मग १९७८ मध्ये आली आरएक्स-७. बुटकी, हलकी, इंजिन पुढच्या आसाच्या मागे बसवलेलं, अमेरिकेत साधारण १०० अश्वशक्ती. मध्यमवर्गीय तरुणाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार. तिन्ही पिढ्या मिळून आठ लाखांवर गाड्या खपल्या.

त्याच १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी सुरू झाली. युद्धातलं विमानांचं तंत्र अमेरिकी शर्यतींच्या जगात आधीच शिरलेलं होतं, बऱ्याचदा चोरून. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप या दोन नामांकित चालकांच्या वेळा नायट्रसच्या संशयावरून रद्द झाल्या होत्या. आता तेच तंत्र उघडपणे खोक्यात भरून, सूचनापत्रकासह, कोणालाही विकत मिळू लागलं.

आणि खोकं उघडून ते बसवायला रोटरी गाडी मोहक होती. का? इंजिन लहान, खालच्या वेगात ताकद कमी, ही तिची उणीव बाटली भरून काढते. शिवाय रोटरीत तापून लाल होणारी बाहेरची झडप नसते. मोडणारे कनेक्टिंग रॉड नसतात. हवा आत येण्याची जागा आणि पेटण्याची जागा वेगळ्या. म्हणजे कागदावर पाहिलं तर जास्तीचा दाब सोसायला हे इंजिन उत्तमच. आणि हे खोटं नाही. थोडा नायट्रस नीट दिला तर रोटरी तो चांगला सोसते, हे अनेकांनी सिद्ध केलं आहे.

नीट म्हणजे काय?

आता जरा डिकी आणि बॉनेट उघडून पाहू. दुसऱ्या पिढीची, टर्बो नसलेली १९८६ ची आरएक्स-७ घ्या. अमेरिकेत तिची ताकद १४६ अश्वशक्ती. तिला ७५ अश्वशक्तीचा नायट्रस जोडायचा म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त ताकद एका बटणावर वाढवायची.

मागे डिकीत बाटली, साधारण १० पौंडांची. घरच्या गॅस सिलिंडरसारखीच तिच्यात खाली द्रव आणि वर वायू, पण दाब कितीतरी जास्त, चौरस इंचाला ९०० ते १००० पौंड. तापमान ३६ अंशांच्या वर गेलं की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, म्हणून उन्हात उभ्या गाडीत या बाटलीचं काही खरं नसतं. बाटलीतून जाड विणीची नळी पुढे इंजिनापर्यंत. तिथे दोन झडपा: एक नायट्रसची, एक पेट्रोलची. दोन्हींच्या पुढे मोजून भोक पाडलेली बारीक तोटी, तिला जेट म्हणतात. सगळी गंमत या दोन भोकांच्या प्रमाणात आहे. रसायनाच्या हिशेबाने एक भाग पेट्रोलला साडेनऊ भाग नायट्रस लागतो. प्रत्यक्षात पेट्रोल त्याहून जास्तच द्यायचं, जळण गार राहावं म्हणून.

या पद्धतीला ओली पद्धत म्हणतात, कारण पेट्रोल बरोबरच जातं. कोरड्या पद्धतीत फक्त नायट्रस सोडतात आणि जास्तीचं पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरांतून वाढवून घेतात. ओल्या पद्धतीत एक अडचण असते: हवेसाठी केलेल्या वळणदार नळ्यांत पेट्रोलचे थेंब वळण घेत नाहीत, कोपऱ्यात साचतात. साचलेलं पेट्रोल उलटं पेटलं तर नळीच फुटते. कोरड्या पद्धतीत अडचण अशी, की मूळ पंप आणि इंजेक्टर तेवढं पेट्रोल देऊ शकतात की नाही हे आधी मोजावं लागतं.

शिवाय पॅडल पूर्ण दाबलेलं असेल तरच वीज मिळेल असा एक स्विच हवा. ठरावीक फेऱ्यांच्या वरच आणि मर्यादेच्या खालीच झडप उघडेल असा दुसरा. पेट्रोलचा दाब पडला तर नायट्रस बंद करणारा तिसरा. ठिणगी थोडी उशिरा पडावी अशी सोय, कारण नायट्रसमध्ये जळण वेगाने होतं. रोटरीत तर प्रत्येक रोटरला दोन प्लग, पुढचा आणि मागचा, आणि दोन्हींची वेळ सांभाळायची. हे सगळं कशासाठी? १०० अश्वशक्तीच्या बेताने खर्च केला तर १० पौंडांची बाटली साधारण दोन मिनिटं पुरते, तेवढ्यासाठी.

आता चूक झाली तर? समजा पेट्रोल कमी पडलं. रोटरीतली पेटण्याची जागा लांब आणि अरुंद असते, आणि रोटरबरोबर सरकत असते. ज्वाला एका टोकाकडून निघते, तिला मागच्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. नेहमीचं जळण म्हणजे वाळल्या गवतातून पसरत जाणारी आग. पण पेट्रोल कमी आणि ऑक्सिजन जास्त झाला की उष्णता वाढते, आणि ज्वाला पोहोचायच्या आधीच मागचं मिश्रण एकदम स्फोटासारखं उडतं. गॅरेजमधले लोक म्हणतात, इंजिन नॉक झालं. दट्ट्याचं इंजिन असे काही ठोके सोसतं, आवाज करून इशारा देतं. रोटरीत इशारा ऐकू येण्याआधीच टोकाची पट्टी तडकलेली असू शकते.

पट्टी एक, पण ती दोन पोकळ्यांच्या मधली भिंत असते. म्हणून एक पट्टी गेली की त्या रोटरच्या तीनपैकी दोन पोकळ्या निकामी. तुटलेला तुकडा घराच्या भिंतीला ओरबाडत फिरतो आणि बाहेरच्या मार्गाने निघून जातो. टर्बो असेल तर त्याची पाती घेऊन जातो. दुरुस्ती म्हणजे पूर्ण इंजिन उघडणं, आणि बहुधा घरही नवं घेणं.

म्हणजे यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून ज्या पट्टीला जगवलं, ती एका क्षणात जाते. नायट्रसने ती तुटते असं म्हणणं मात्र बरोबर नाही. ती तुटते हिशेब चुकल्यामुळे. आपण मघाशी जपून ठेवलेला मुद्दा आता काढू. जीएम-१ बसवणाऱ्यांना इंजिनाची मर्यादा माहीत होती. हिरोशिमाच्या अभियंत्यांना पट्टीची मर्यादा माहीत होती. खोकं विकत घेणाऱ्याला मात्र यातलं काहीच खोक्याबरोबर मिळत नाही. यंत्र देशोदेशी फिरतं, सुटं विकलं जातं. त्यामागे झालेला विचार त्याच्याबरोबर फिरतोच असं नाही. तो प्रत्येकाला पुन्हा मिळवावा लागतो. ज्या हौशी लोकांच्या गाड्या टिकल्या, त्यांनी तो मिळवला. त्यांनी आधी पेट्रोलचा पंप मोजला, प्रत्येक पोकळीचा दाब तपासला, मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा मापक बसवला, आणि बटण सर्वांत शेवटी.

पडद्यावरचं बटण

२००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला. त्यातल्या पहिल्याच मोठ्या रस्त्यावरच्या शर्यतीत नायक-खलनायक दोन्ही असलेला डॉमिनिक टोरेटो लाल आरएक्स-७ चालवतो, आणि नायट्रसची बटणं दाबली जातात. जगभरच्या एका पिढीला नायट्रस माहीत झाला तो इथून. पडद्यावर दिसलं बटण आणि मागे खेचले जाणारे दिवे. जेटची भोकं, पेट्रोलचा दाब, ठिणगीची वेळ, हे काही दिसलं नाही, आणि चित्रपटात ते दिसावं अशी अपेक्षाही नाही. पण परिणाम असा, की रोटरी हे ‘फुटणारं इंजिन’ आणि नायट्रस ही ‘इंजिन फोडणारी बाटली’, अशी दोन्हींची ओळख झाली. ती दोघांवरही अन्याय करणारी आहे. १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत माझदाने चार रोटरच्या ७८७बी गाडीने जिंकली. चोवीस तास, पूर्ण जोरात. त्या पट्ट्या टिकल्या, कारण त्यांच्यावर किती भार येणार हे आधी ठरलेलं होतं.

जाता जाता एक जुना धागा. मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, जेणेकरून कोणी तो हुंगू नये. ब्रिस्टलमध्ये डेव्ही जे करत होता, नेमकं तेच थांबवण्यासाठी.

आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला हे जोडणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही. बंदिस्त शर्यतमार्गावरची गोष्ट वेगळी.

अर्धा मिलिमीटर

आरएक्स-७ २००२ मध्ये बंद झाली. तिच्यानंतरची आरएक्स-८ २०१२ मध्ये. आज जगात जेवढ्या जुन्या रोटरी गाड्या चालतात तेवढ्याच आहेत. प्रत्येक ओरबाडलेलं घर हे त्या मर्यादित साठ्यातून कायमचं वजा होतं. एखाद्या हौशी माणसाने घाईने दाबलेलं बटण आता फक्त त्याच्या खिशाचा प्रश्न राहिलेला नाही. जुन्या वाड्याची तुळई काढताना जो विचार करायचा, तो इथेही करायला हवा.

२०२३ मध्ये माझदाने रोटरी इंजिन पुन्हा आणलं, पण वेगळ्या कामासाठी. एमएक्स-३० या विजेच्या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर आहे. तो चाकं फिरवत नाही, फक्त बॅटरीसाठी वीज तयार करतो. हिसके नाहीत, शर्यत नाही. आणि या नव्या इंजिनात त्यांनी टोकाची पट्टी २ मिलिमीटरवरून अडीच मिलिमीटर केली. पहिल्या कॉस्मोनंतर ५६ वर्षांनी त्यांनी त्या पट्टीला आणखी अर्धा मिलिमीटर दिला, हे त्यांच्या बातमीतलं सर्वांत लहान कलम होतं. आम्हाला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

यंत्रांचा इतिहास आपण अश्वशक्तीच्या आकड्यांत लिहितो. किती वाढली, कोणी वाढवली, कोण पहिला आला. पण ती शक्ती ज्या रिंगेवर, ज्या बुचावर, ज्या पट्टीवर तोलली गेली, तिचा इतिहास लिहिल्याशिवाय हे आकडे अर्धेच राहतात. पुढच्या वेळी कोणी सांगितलं की अमुक गाडीत इतकी ताकद वाढवली, तर कौतुक जरूर करा, आणि मग एक प्रश्न विचारा: ती धरून कोण ठेवतंय?